जिना उतरताना हात धरायचा: व्हिक्टोरिया राणीचं बालपण

घरात कुणाच्या आजीच्या डब्यात राणीछाप रुपया असेल तर तो एकदा हातात घेऊन नीट बघा. १८४० सालचा असेल तर त्यावरच्या बाईच्या डोक्यावर मुकुट नाही. केस फितीने मागे बांधलेली एक तरणी पोर आहे ती. १८६२ सालचा असेल तर मुकुट चढलाय आणि अंगावर नक्षीचा झगा आलाय. आपल्या डोक्यात बसलेली राणी मात्र या दोघींपेक्षा वेगळीच: काळे कपडे, डोक्यावर पांढरी जाळी, गोल चेहरा आणि हसण्याचं नाव नाही. राणीच्या बागेची ती राणी, व्हीटीमधली व्ही.

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ते दोघे गव्हर्नमेंट हाउसमधल्या एका समारंभातून परतत होते. समारंभ होता याच राणीला गादीवर बसून साठ वर्षं झाली त्याचा. साठ वर्षं मागे मोजलं की २० जून १८३७ येतो. त्या सकाळी ती अठरा वर्षं आणि सत्तावीस दिवसांची होती. आणि त्या सकाळपर्यंत तिला राहत्या घरातला जिना कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उतरायची परवानगी नव्हती.

हे खरं आहे. ती अधू नव्हती, आजारी नव्हती. तो घरचा नियम होता. असे बरेच नियम होते आणि ते सगळे मिळून पुढे ‘केन्सिंग्टन सिस्टीम’ या नावाने ओळखले गेले. वाचताना आधी वाटतं, कडक आई असेल, जुना काळ होता. पण नियमांची यादी, वारसाहक्काचा कायदा आणि एक जन्मतारीख शेजारी शेजारी ठेवली की दिसतं, हा मूल वाढवण्याचा प्रकार नव्हताच. राज्य हातात यावं म्हणून केलेली ती मांडणी होती.

पंधरा मुलं आणि एक नात

तिसऱ्या जॉर्ज राजाला पंधरा मुलं. १८१७ साली त्यातली बारा हयात होती आणि झाडून सगळ्यांनी चाळिशी गाठलेली होती. राजा म्हातारा, आंधळा आणि भ्रमिष्ट होऊन विंडसरला पडलेला. १८११ पासून थोरला मुलगा त्याच्या नावाने कारभार बघायचा. आता गंमत बघा. बारा मुलं, पण कायद्याने मान्य होईल असं नातवंड एकच, थोरल्याची मुलगी शार्लट. बाकीच्यांपैकी कुणी लग्नच केलेलं नाही, कुणाला मूल नाही, तर कुणाला भरपूर मुलं पण लग्नाबाहेरची. तिसऱ्या नंबरच्या विल्यमला एका नटीपासून दहा मुलं होती, आणि गादीच्या हिशोबात त्या दहांची किंमत शून्य.

नोव्हेंबर १८१७ मध्ये शार्लट पहिल्या बाळंतपणात गेली. पन्नास तासांच्या कळा, मूल मृत जन्मलं आणि काही तासांत, ६ तारखेला, आईही गेली. वय २१. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने तीन महिन्यांनी स्वतःला गोळी घातली. घराण्याला पुढची पिढीच उरली नाही.

मग पन्नाशीला टेकलेल्या भावांची लग्नाची धावपळ सुरू झाली. वारस देणाऱ्याला संसदेकडून पैसे मिळतील आणि कर्जं फिटतील हा हिशोबही त्यात होताच. चौथा भाऊ एडवर्ड, म्हणजे केंटचा ड्यूक, पंचवीसहून अधिक वर्षं एका फ्रेंच बाईबरोबर संसार करून राहत होता. तिला सोडून त्याने कोबुर्गच्या व्हिक्टोरिया नावाच्या एका विधवेशी लग्न केलं. २९ मे १८१८ ला, जर्मनीत. (पाचच दिवसांनी, ३ जूनला, इकडे दुसरा बाजीराव माल्कमला शरण गेला. दोन घटनांचा तेव्हा काडीचा संबंध नव्हता.) नवरी ३१ वर्षांची, पहिल्या लग्नाची दोन मुलं बरोबर, इंग्रजी जवळपास येत नाही. तिचा भाऊ लिओपोल्ड म्हणजे त्या गेलेल्या शार्लटचा नवरा. म्हणजे पुढे जन्मलेल्या व्हिक्टोरियाची शार्लट ही चुलत बहीणही लागायची आणि मामीही.

दिवस राहिले तेव्हा जोडपं जर्मनीत होतं, कारण तिथे राहणं स्वस्त पडायचं. पण वारसाचा जन्म इंग्लंडच्या भूमीवर झाला पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी फाटे फोडेल, हे ड्यूकच्या मनाने घेतलं. म्हणून आठव्या महिन्यातल्या बायकोला घेऊन तो चारशेहून जास्त मैल खडखडत निघाला. गाडीवानाचे पैसे वाचावेत म्हणून गाडी स्वतः हाकली. बरोबर शार्लोटे फॉन झीबोल्ड नावाची जर्मन प्रसूतितज्ज्ञ बाई होती. त्या काळात बाईने हे शिक्षण घेणं अगदीच दुर्मीळ. २४ मे १८१९ ला पहाटे सव्वाचारला लंडनच्या केन्सिंग्टन पॅलेसमध्ये मुलगी झाली. झीबोल्डबाई परत गेल्या आणि तीन महिन्यांनी त्यांनीच कोबुर्गमध्ये आणखी एक बाळंतपण केलं. तो मुलगा आल्बर्ट, व्हिक्टोरियाचा मामेभाऊ आणि पुढे नवरा.

बारशाचा प्रसंगही ऐकण्यासारखा आहे. आईबापांनी नावांची लांबलचक यादी तयार ठेवली होती, पण कारभारी थोरल्या काकांना धाकट्या भावाचा राग. घराण्यातली नावं त्यांनी नाकारली. आर्चबिशप मुलीला हातात घेऊन उभे, नाव काय ते ठरेना. काका म्हणाले, अलेक्झांड्रीना, रशियाच्या झारवरून. आणखी एखादं? बरं, आईचं द्या. आई तोवर रडायला लागलेली. अशी ती अलेक्झांड्रीना व्हिक्टोरिया झाली. घरात ‘द्रिना’.

आता कायदा. इंग्लंडच्या गादीसाठी तेव्हा नियम असा होता की भावांत वडीलपणा बघायचा, आणि एका भावाची सगळी शाखा संपल्याशिवाय पुढच्या भावाकडे जायचं नाही. शाखेत मुलगा असेल तर मुलीच्या आधी तो. पण मुलगा नसेल तर मुलगीही चालते, आणि ती आपल्या धाकट्या काकांच्या पुढे उभी राहते. म्हणून चौथ्या भावाची ही पोर पाचव्या भावाच्या, कंबरलंडच्या ड्यूकच्या, आधी आली. जन्मली तेव्हा ती रांगेत पाचवी. पुढे तीन काका आणि बाप.

बाप आठ महिन्यांत गेला. समुद्रकाठच्या सिडमथ गावी घर भाड्याने घेतलं होतं, तिथे सर्दी छातीत उतरली आणि २३ जानेवारी १८२० ला खेळ संपला. सहा दिवसांनी म्हातारा राजाही गेला. यॉर्कचे काका १८२७ ला गेले. विल्यमकाकांना लग्नाच्या बायकोपासून दोन मुली झाल्या, दोन्ही तान्ह्या असतानाच दगावल्या. १८३० मध्ये चौथा जॉर्ज वारला, विल्यम राजा झाला, आणि अकरा वर्षांची द्रिना थेट गादीच्या पहिल्या पायरीवर येऊन उभी राहिली.

कारभारी

बाप मागे ठेवून गेला ती कर्जं. आई परदेशी, भाषा येत नाही, सासरचे दीर तोंडदेखलंही काही करत नाहीत. लिओपोल्डमामाने वर्षाला तीन हजार पौंड लावून दिले म्हणून घर चाललं. अशा घरात एक माणूस हळूहळू सगळं हातात घेतो. आपण सगळ्यांनी एखाद्या नातेवाइकाच्या घरी असा माणूस पाहिलेला असतो. कागद तो बघतो, बँक तो बघतो, कोण आलं-गेलं ते तोच ठरवतो. इथे त्याचं नाव सर जॉन कॉनरॉय. ड्यूकच्या पदरचा आयरिश लष्करी अधिकारी, ड्यूक गेल्यावर डचेसचा कारभारी.

कॉनरॉयचा डाव समजायचा तर ‘रीजंट’ ही गोष्ट समजून घ्यावी लागते. राजा किंवा राणी अज्ञान असेल तर सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावाने कुणीतरी राज्य चालवतं, तो रीजंट. नाना फडणीस आणि सवाई माधवराव आठवले तर मुद्दा लगेच कळेल: गादीवर कोण बसलंय यापेक्षा गादीवरच्या पोराचा हात कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये १८३० साली तसा कायदाच झाला. व्हिक्टोरिया अठरा वर्षांची व्हायच्या आत राजा वारला, तर तिची आई रीजंट. आणि आई म्हणजे कॉनरॉय, कारण त्याला विचारल्याशिवाय ती पानही हलवत नव्हती.

म्हणजे तारीख ठरलेली होती. २४ मे १८३७ च्या आत विल्यम गेला तर कॉनरॉयच्या हाती इंग्लंड. त्यानंतर गेला तर मुलगी स्वतः राणी. पण ती पूर्ण परावलंबी असेल, सही करायलाही आईकडे बघत असेल, तर तेव्हाही सूत्रं आपल्याच हाती राहतील. केन्सिंग्टन सिस्टीम म्हणजे या दोन्ही शक्यतांची तयारी.

नियम असे. मुलगी क्षणभरही एकटी राहणार नाही. झोपायचं आईच्याच खोलीत, आईच्या पलंगाशेजारी; आई वर येईपर्यंत कुणीतरी खोलीत बसून राहणार. तिसरं माणूस हजर असल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. सोबतीला मुलं कोण, तर मुख्यतः कॉनरॉयच्या मुली. राजाच्या दरबारात शक्य तितकं जायचंच नाही. १८३१ मध्ये विल्यमच्या राज्याभिषेकालाही तिला पाठवलं नाही. मिरवणुकीत तिला कुठलं स्थान यावरून आईचं आणि राजाचं वाजलं होतं. मुलगी रडली, पण तिच्या रडण्याचा विचार कोण करतो. घरातच राहणारी सोफिया आत्या होती, ती काही ऐकलं की कॉनरॉयला पोचवायची. आणि तो जिना.

बाजू दुसरीही आहे, ती सांगायला हवी. काकांची घरं म्हणजे कर्ज, रखेल्या आणि दारू यांचा बाजार होता; तिथून मुलगी लांब ठेवावी असं कुठल्याही आईला वाटलं असतं. कंबरलंडकाकाबद्दल तर तो पुतणीचा काटा काढेल अशा अफवा फिरत होत्या. त्या कॉनरॉयने विझू दिल्या नाहीत, कारण भीती होती तोवर पहारा रास्त ठरत होता. मुलीला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. माझ्या मते म्हणूनच ही व्यवस्था इतकी वर्षं कुणाला खुपली नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती काळजीसारखीच दिसायची.

चांदीचा वाडगा, शहाजिरे आणि १३२ बाहुल्या

पन्नाशी ओलांडल्यावर, १८७२ मध्ये, राणीने लहानपणच्या आठवणी थोडक्यात लिहून ठेवल्या. त्यातली पहिली आठवण म्हणजे पिवळा गालिचा. त्यावर ती रांगायची, आणि रडली-ओरडली तर ‘ससेक्सकाका ऐकतील आणि शिक्षा करतील’ असा धाक तिला घालायचे. आपल्याकडच्या बागुलबुवासारखा. काका शेजारच्याच दालनांत राहायचे. बिशप लोकांच्या टोपांची आणि एप्रनची तिला भयंकर धास्ती होती. जेवणखाण साधं: साडेआठला न्याहारी, दीडला जेवण, सातला रात्रीचं; तेव्हा ती छोट्या चांदीच्या वाडग्यातून दूध-पाव खायची. चहा मोठी झाल्यावर, तोही लाड म्हणून.

या घरात तिच्या बाजूची म्हणावी अशी एकच व्यक्ती, लुईझ लेत्सेन. हॅनोव्हरकडच्या एका पाद्र्याची मुलगी. आधी सावत्र बहीण फिओडोराची शिक्षिका म्हणून आली आणि १८२४ पासून व्हिक्टोरियाची झाली. कडक बाई. तिला प्रत्येक पदार्थावर शहाजिरे भुरभुरायची सवय होती. माहेराहून मागवलेले शहाजिरे ती बटर लावलेल्या पावावर, कोबीवर, मांसावर घालायची आणि दरबारातले इंग्रज तिची टिंगल करायचे. फिओडोराचं १८२८ मध्ये लग्न होऊन ती जर्मनीला गेली, आणि मग बारा वर्षांच्या अंतरातली ती एकुलती एक बहीणही गेली. पुढे कितीतरी वर्षांनी फिओडोराने पत्रात लिहिलं की लग्नामुळे मी काही वर्षांच्या कैदेतून सुटले, तुला मात्र ती भोगावी लागली. मुलीवर जीव असलेल्या श्पेथ नावाच्या दुसऱ्या एका बाईला घरातून काढून टाकण्यात आलं. लेत्सेनलाही काढायचा प्रयत्न झाला. पण १८२७ मध्ये राजाने तिला हॅनोव्हरची बॅरोनेस केलं होतं. तिला हात लावणं म्हणजे राजाशी वाकडं घेणं. ती टिकली.

या दोघींनी मिळून बाहुल्या केल्या. एक-दोन नाही, १३२. बाजारात मिळणाऱ्या साध्या लाकडी बाहुल्या, टोकदार नाकाच्या, सांध्यांत खुंट्या असलेल्या, वीतभरही नाहीत. त्यांना दोघी बसून कपडे शिवायच्या. ३२ बाहुल्यांचे कपडे पूर्णपणे व्हिक्टोरियाने शिवलेले. पाहिलेल्या ऑपेरा-बॅलेतली पात्रं, दरबारातल्या बायका. एप्रनला खरेखुरे खिसे, नखाएवढे हातरुमाल. कुठली बाहुली कोण, कपडे कुणी शिवले, याची यादी वहीत नीट लिहिलेली. बारा-तेरा वर्षांपर्यंत हा उद्योग चालला. एरवी मुली बाहुल्यांशी खेळतात ते बरोबरच्या मुलींच्या घोळक्यात. इथे घोळकाच बाहुल्यांचा होता.

अभ्यास भरपूर होता. जॉर्ज डेव्हिस नावाचे पाद्री मुख्य शिक्षक. जर्मन, फ्रेंच, इटालियन, थोडी लॅटिन, गणित, इतिहास, चित्रकला, नाच; सतराव्या वर्षी गाणं शिकवायला ऑपेरातला नामांकित गायक लुइजी लाब्लाश. ती चांगली चित्रं काढायची. आणि तापटही होती. वागणुकीची रोजची वही असायची, त्यात चूक झाली की लिहायचं. एका नोंदीत तिने स्वतःच लिहिलंय की आज मी फार, फार, फार, फार वाईट वागले. चार वेळा ‘फार’ आणि खाली रेघा. मला ही नोंद आवडते. ती दाबली जात होती, पण दबली नव्हती.

मार्च १८३० मध्ये तिला पहिल्यांदा कळलं की आपण गादीच्या किती जवळ आहोत. ही गोष्ट इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना पाठ असायची. लेत्सेनने इतिहासाच्या पुस्तकात वंशावळीचा तक्ता सरकवून ठेवला. मुलीने तो पाहिला, विचार केला, ‘मला वाटलं होतं त्यापेक्षा मी गादीच्या जवळ आहे’ असं म्हणाली आणि मग बोट वर करून म्हणाली, ‘मी चांगली वागेन.’ छान आहे. फक्त हे लेत्सेनने सदतीस वर्षांनी आठवून लिहिलंय. तो कागद राणीने वाचला आणि समासात आपली आठवण लिहिली: हे कळल्यावर मी खूप रडले. दहा वर्षांच्या मुलीचा विचार केला तर समासातलं मला जास्त पटतं.

वही

१८३० नंतर कॉनरॉयने नवीन काम काढलं. भावी राणीला देश दाखवायचा आणि देशाला भावी राणी. दर उन्हाळ्यात दौरे. जहागीरदारांचे वाडे, गावोगावचे महापौर, स्वागताची भाषणं, तोफा. राजा जिवंत असताना वारसाने अशी मिरवणूक काढलेली विल्यमला झोंबायची. तिच्या आईच्या जहाजाला तोफांची सलामी द्यायची नाही असा हुकूमच त्याने शेवटी काढला.

१८३२ च्या वेल्सच्या दौऱ्याआधी आईने तिला एक कोरी वही दिली, प्रवासाचं लिहायला. ३१ जुलैला पहिली ओळ लिहिली आणि मग ती मरेपर्यंत, जवळपास एकोणसत्तर वर्षं, लिहीतच राहिली. पहिल्याच आठवड्यात बर्मिंगहॅमजवळच्या कोळशाच्या पट्ट्यातून गाडी गेली. तेरा वर्षांच्या मुलीने लिहिलंय की माणसं, बायका, मुलं, जमीन, घरं सगळं काळं आहे, कुठे गवताचं पातं नाही, जळक्या ढिगाऱ्यांमधून धूर येतोय आणि मध्ये फाटक्या कपड्यांतली पोरं. तिला असं काही याआधी कुणी दाखवलंच नव्हतं.

पण ही वही आई तपासायची. त्यामुळे त्या वर्षांची दैनंदिनी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: त्यात जे नाही तेच जास्त बोलतं. कुत्र्याबद्दल पानंच्या पानं. डॅश नावाचा तो स्पॅनियल, कॉनरॉयने तिच्या आईला भेट दिलेला. पोरीने तो कधी आपला केला ते कुणाला कळलंही नाही, आणि त्याला लाल जॅकेट, निळी पाटलोण घालून ती मिरवायची. ऑपेराबद्दल पानं. घोड्यांबद्दल पानं. कॉनरॉयबद्दल मात्र चकार शब्द वावगा नाही. ती गप्प बसायला शिकली होती. तिला परावलंबी करायला निघालेल्या माणसांच्या ध्यानात हे बरीच वर्षं आलं नाही.

कळलं ते ऑक्टोबर १८३५ मध्ये, रॅम्सगेटला. सोळा वर्षांची व्हिक्टोरिया तापाने आडवी झाली, बहुधा विषमज्वर. कॉनरॉयने आधी ते मनावरच घेतलं नाही. पाच आठवडे ती खोलीबाहेर आली नाही, केस मूठमूठ गळले. आणि ती अशी पडलेली असताना कॉनरॉय कागद आणि पेन घेऊन समोर उभा राहिला: मी तुमचा खासगी सचिव होणार, सही करा. आई त्याच्या बाजूने. लेत्सेन मुलीच्या बाजूने. तिने सही केली नाही. पुढे तिने स्वतः सांगितलं, मी आजारी होते तरी मी नाही म्हटलं.

इकडे राजालाही दिवस मोजायचा नाद लागला होता. २१ ऑगस्ट १८३६ ला विंडसरला त्याच्या वाढदिवसाची पंगत बसली होती, सुमारे शंभर पानं. डचेस त्याच्या शेजारी, व्हिक्टोरिया समोर. राजा उठला आणि म्हणाला, देवाने मला अजून नऊ महिने द्यावेत, म्हणजे या समोरच्या मुलीच्या हाती राज्य जाईल, माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या आणि तिच्या दुष्ट सल्लागारांच्या हाती नाही. भर पंगतीत. आई जागच्या जागी थिजली, मुलीला रडू फुटलं.

नऊ महिने त्याने काढले. २४ मे १८३७ ला ती अठराची झाली. त्याआधी काही दिवस राजाने तिच्या नावाने स्वतंत्र वर्षाला दहा हजार पौंड देऊ केले होते. उत्तर घरातून गेलं, तिच्या सहीने, आईच्या आणि कॉनरॉयच्या शब्दांत. हे पत्र व्हिक्टोरियाने लिहिलेलं नाही, हे राजाने वाचताक्षणी ओळखलं.

२० जूनला पहाटे दोन वाजून बारा मिनिटांनी तो वारला. कँटरबरीचे आर्चबिशप आणि राजघराण्याचे मुख्य अधिकारी लॉर्ड कनिंगहॅम विंडसरहून तडक निघून पाचच्या सुमाराला केन्सिंग्टनला पोचले. सहाला आईने मुलीला उठवलं. आई आणि लेत्सेनबरोबर ती दारापर्यंत आली. दिवाणखान्यात मात्र ती गेली, तिच्याच वहीतल्या शब्दांत, फक्त ड्रेसिंग गाउनमध्ये, आणि एकटी. त्या दिवसाच्या नोंदीत ‘एकटी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पंतप्रधान मेलबर्नला भेटले, अर्थात एकटी. बोलावलेल्या प्रत्येकाला भेटले, एकटी. साडेअकराला खाली लाल दिवाणखान्यात प्रिव्ही काउन्सिल, म्हणजे राजाची सल्लागार सभा, भरली होती, देशातले सगळे बडे पुरुष. तिथेही ती एकटी गेली. उंची जेमतेम पाच फूट.

त्याच दिवशी तिचा पलंग आईच्या खोलीतून हलवला. ‘अलेक्झांड्रीना’ गळालं, सही ‘व्हिक्टोरिया’ अशी. कॉनरॉयने तासाभरातच आपल्या मागण्या पुढे केल्या. त्याला वर्षाला तीन हजार पौंड पेन्शन आणि बॅरोनेटची पदवी मिळाली, पण राणीसमोर उभं राहायची परवानगी मिळाली नाही. आई मात्र सोडता येईना. राणी असली तरी अविवाहित मुलीने आईबरोबर राहायचं ही रीत. मग बकिंगहॅम पॅलेसमध्ये आईला मुद्दाम लांबच्या खोल्या दिल्या. भेटायचं तर आईने आधी चिठ्ठी पाठवायची आणि उत्तर बऱ्याचदा ‘वेळ नाही’. लेत्सेनची खोली राणीच्या खोलीला लागून.

जाता जाता एक: त्याच दिवशी हॅनोव्हर हातचं गेलं. १७१४ पासून इंग्लंडचा राजा तोच हॅनोव्हरचाही सत्ताधीश होता. पण तिथल्या कायद्यात घराण्यात पुरुष शिल्लक असेपर्यंत बाईला गादी नाही. ती गेली कंबरलंडकाकाकडे. त्याला हवी होती ती नव्हे, पण एक गादी मिळाली.

आईशी तिचं पुढे बरंचसं जुळलं, आल्बर्टच्या मध्यस्थीने. मार्च १८६१ मध्ये आई वारली आणि तिचे कागद लावताना राणीला आपल्या लहानपणीच्या जपून ठेवलेल्या बारीकसारीक गोष्टी सापडल्या. आपल्यावर आईचं प्रेमच नव्हतं, असं इतकी वर्षं धरून चालली होती ती. त्या धक्क्याने ती कित्येक आठवडे अंथरुणाला खिळल्यासारखी होती. नऊ मुलांची आई होती तेव्हा. थोरल्या मुलासाठी तिने आणि आल्बर्टने जो अभ्यासाचा कार्यक्रम आखला, तो इतका कडक होता आणि त्या पोराला सोबतीची मुलं इतकी कमी होती की वाचताना केन्सिंग्टनची आठवण येतेच. धाकटी बिआट्रिस तर तिने स्वतःजवळून हलूच दिली नाही. १८८५ मध्ये लग्नाला परवानगी दिली तीही नवऱ्यासह आपल्याच घरी राहण्याच्या अटीवर.

१९०१ मध्ये राणी वारली आणि दैनंदिनी या बिआट्रिसकडे आली. तिने वर्षानुवर्षं बसून, आपल्याला नको वाटलं ते गाळून, सगळं निळ्या वह्यांत उतरवून काढलं आणि मूळ वह्या जाळल्या. १८३७ ते १८४० चा मजकूर एका टंकलिखित प्रतीमुळे वाचला. राणीच्या स्वतःच्या अक्षरातल्या वह्या उरल्या आहेत त्या मुख्यतः १८३२ ते १८३६ च्या, ज्या आई तपासायची त्याच.